रानातल्यांची मूठ

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. दगडाला लाज नसते, दगडाला पाझर फुटत नाही, असे लोक सर्रास म्हणतात. म्हणोत बापडे. मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती ऐकून दगडाला लाज असते की नसते, ते तुम्हीच ठरवा.

नॉर्वेच्या डोंगरात, जिथे झाडे उगवायची थांबतात त्याच्याही बऱ्याच वर, एका धारेवर मी पडून आहे. फार पूर्वी एका हिमनदीने मला पोटाखाली धरून फरफटत आणले आणि इथे टाकून दिले. त्या घासण्याने माझी पाठ सपाट झाली आणि मधोमध परातीएवढा खोलगा पडला. इथे वारा इतका की भर हिवाळ्यातही माझ्या अंगावर बर्फ टिकत नाही. हजारो वर्षे माझ्या खोलग्यात पावसाच्या पाण्याखेरीज काही नव्हते आणि माझ्यापासून कुणाला काही त्रासही नव्हता.

मला कामाला लावले ते ओस्ने आजीने. तेव्हा ती आजी नव्हती, दरीतल्या लीए नावाच्या शेतावर नुकतीच नांदायला आलेली नवरी होती. पण तिचा नातू तिला आजी म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो. आमच्याकडे उन्हाळा लागला की मेंढ्या डोंगरावर आणून मोकळ्या सोडतात. मग दर पंधरवड्याला घरातले कुणीतरी मिठाची पिशवी पाठीवर मारून वर येते, सपाट दगडांवर मीठ ठेवते आणि मेंढ्यांना हाक घालते. मीठ असते तिथून मेंढ्या लांब भटकत नाहीत. ओस्ने आजी पहिल्यांदा वर आली तेव्हा तिने दहा दगड पाहिले, माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "ही खरी ताटली!" तेव्हापासून माझे नाव ताटली. दगडाला नाव मिळणे ही लहान गोष्ट नाही, मित्रांनो. मी फुगून गेलो.

सप्टेंबर सरता सरता मेंढ्या खाली नेतात. त्या दिवशी आजीने पिशवीच्या तळाशी उरलेले मीठ मुठीत घेतले आणि मेंढ्या गेल्यावर माझ्या खोलग्यात ओतले. सोबतच्या नवऱ्याने विचारले, "आता हे कुणाला?"

"रानातल्यांना," ती म्हणाली. "ज्यांना मालक नाही, त्यांना मीठ कोण देणार? दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये."

रानातले म्हणजे रानटी रेनडिअर. त्यांना कुणाच्या कानखुणा नाहीत, गळ्यात घंटा नाही. दोन दिवसांनी ते आले. आधी एक मादी आली, मग तिच्या मागे पाऊणशे. त्यांच्या ऊबदार जिभा माझ्या पाठीवरून फिरल्या आणि माझ्यासारख्या थंडगार दगडाला पहिल्यांदा वाटले की आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत. त्या सुखाची मला चटक लागली. पुढे जे झाले त्याची सुरुवात या चटकेत आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकले.

आजीनंतर तिच्या मुलाने ती मूठ चालू ठेवली आणि मुलानंतर नातू एम्ब्रिकने. एम्ब्रिक म्हणजे कमी बोलणारा, दिवसभरात दहा शब्द खर्च झाले तर अकराव्याला कुरकुरणारा माणूस. त्याच्या कोटाच्या डाव्या खिशात बारा महिने मीठ असायचे. त्याची हाक मात्र लांबलचक होती. "या गं, या... या, या!" ती हाक समोरच्या कड्यावर आपटून परत यायची आणि मेंढ्यांच्या मागोमाग दूरवर हरणेही माना वर करायची.

त्याचा शेजारी स्यूवर शिकारी होता. दर हेमंतात परवान्यापुरती दोन-तीन हरणे मारायचा आणि वर्षभर खायचा. तो माझ्याशेजारी बसून कॉफी पिताना एम्ब्रिकची थट्टा करायचा.

"खारवून ठेव रे, चांगली खारवून ठेव. माझ्या बायकोचं मीठ वाचतं."

"त्या मुठीतलं आहे ते तुझ्यासाठी नाही," एम्ब्रिक म्हणायचा.

"मग मी मेल्यावर माझ्या नावानं एक मूठ टाक. मीही रानातलाच."

एम्ब्रिकची मुलगी गुरो आठ वर्षांची असताना बापाबरोबर वर येऊ लागली. माझी एक कड खडबडीत आहे. तिथे हरणांचे केस अडकायचे. गुरो ते वेचून काड्यापेटीत भरायची. करडे, पांढरे, एखादा जवळजवळ काळा. घरी नेऊन काय करायची कोण जाणे. पुढे ती शहरात शिकायला गेली, जनावरांची डॉक्टर झाली आणि एका उन्हाळ्यात परत वर आली, तेव्हा काड्यापेटीच्या जागी लहान लहान पाकिटे होती आणि हातात चिमटा होता. सवय तीच.

"बाबा, एका केसावरून मी सांगू शकते की हे कुणाचं पोर, कुणाची आजी," ती म्हणाली.

"ते तर आपल्या गावातली टपालवालीही सांगते," स्यूवर म्हणाला.

गुरो हसली, पण लगेच गंभीर झाली. तिने हात लांब करून चारी दिशा दाखवल्या. "काका, बघा ना. खाली हमरस्ता, इकडे रेल्वे, पलीकडे धरणाचं पाणी. आपल्या हरणांना बाहेर जाता येत नाही आणि बाहेरचं कुणी आत येत नाही. पिढ्यान् पिढ्या आपापसातच सोयरिकी. सगळी हळूहळू एकाच साच्याची होत चालली आहेत."

"मग बरंच की," एम्ब्रिक म्हणाला. "भांडणं कमी."

"साथ आली की मग सगळी एकदम जातात, बाबा. वेगवेगळी असली तर कुणीतरी तगतं. म्हणून मी हे केस गोळा करते. आपल्याकडे वेगळेपण अजून थोडं शिल्लक आहे. ते कुणात आहे, ते मला माहीत हवं."

त्या कळपात एक मादी होती. तिचे डावे शिंग दर वर्षी पुढे न वाढता कानावरून खाली वळायचे. गुरोने तिचे नाव तिरकी ठेवले होते. माझ्यापाशी सगळ्यांत आधी यायची ती तिरकीच. आधी माझा वास घ्यायची, मग वर मान करून वारा हुंगायची आणि मग चाटायची. मला ती सगळ्यांत आवडायची. असे दगडाने म्हणू नये, पण आवडायची.

मग एका वर्षी गुरो मीठ ठेवायच्या दिवशी मुद्दाम आली. तिच्या हातात सरकारी कागद होता.

"इथून लांबच्या एका डोंगरात हरणांना रोग सापडलाय," तिने सांगितले. "मेंदूला भोकं पडतात. जनावर वाळतं, लाळ गाळतं, भेलकांडतं आणि मरतं. औषध नाही."

"जंतू?" एम्ब्रिकने विचारले.

"जंतू असता तर बरं झालं असतं. हे अंगातलंच एक प्रथिन असतं. ते वाकडं वळतं आणि शेजारच्या सरळ प्रथिनाला वाकडं करतं. तेही पुढच्याला."

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या," स्यूवर म्हणाला.

"तसंच. वाण नाही पण गुण लागला. आणि बाबा, ते थंडीनं मरत नाही, उकळून मरत नाही. लाळेतून मातीत जातं, दगडाला चिकटतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं." ती माझ्याकडे बघत होती. "शंभर जिभा एका जागी आल्या की त्याला आणखी काय हवं? मेंढ्यांचं मीठ आता कुंपणाच्या आत, खालच्या वाड्यातच ठेवायचं. आणि रानातल्यांची मूठ बंद. अगदी बंद."

एम्ब्रिकने थर्मासच्या झाकणातली उरलेली कॉफी ओतून टाकली. मग म्हणाला, "बंद म्हणजे बंद." गुरोचा जीव भांड्यात पडला. तिला गावसभेत सर्वांसमोर सांगायचे होते की मीठ बंद करायची सुरुवात आमच्या घरापासून झाली आहे. तिने तसे सांगितलेही, एकदा नव्हे, तीन वर्षे.

आता मी सांगतो ते खरे काय झाले.

त्या हेमंतात मेंढ्या खाली गेल्यावर एम्ब्रिक एकटा वर आला. रिकाम्या हाताने आला होता, मी साक्षीला आहे. तो माझ्याजवळ बसला. थोड्या वेळाने समोरच्या उतारावर कळप येऊन उभा राहिला. तिरकी पुढे होती. कुणी जवळ आले नाही, कुणी गेलेही नाही. नुसती वाट बघत होती. एम्ब्रिक उठला, चार पावले खाली गेला, थांबला. त्याचा हात डाव्या खिशात गेला. "एवढ्यानं काय होतंय," तो स्वतःशीच पुटपुटला, मागे फिरला आणि खिशात जे होते ते माझ्यावर झाडून निघून गेला.

एम्ब्रिकला दोष देऊन मला मोकळे होता येणार नाही, मित्रांनो. गुरोचे बोलणे मीही ऐकले होते. ते वाकडे प्रथिन दगडाला चिकटते, हे तिने माझ्याकडे बघून सांगितले होते. तरी त्या दिवशी मीठ पडले तेव्हा मला आनंदच झाला. तिरकीची जीभ पाठीवरून फिरली तेव्हा मी मनात म्हणालो, झाले एकदाचे, आपली रीत मोडली नाही. पुढच्या हिवाळ्यात तो स्कीवरून आला, मूठ टाकून गेला. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. तीन वर्षे आम्ही दोघांनी मिळून ती चोरी केली.

तिसऱ्या हेमंतात एक मादी एकटीच आली. बरगड्या मोजाव्यात इतकी वाळलेली, कान लोंबणारे. तिच्या तोंडातून लाळेची तार माझ्या खोलग्यात गळत होती. माझ्यावर मीठ नव्हते, तरी ती चाटत राहिली. दुसऱ्या दिवशी ती माझ्यापासून वीस पावलांवर मेली. स्यूवरला ती सापडली. गुरोने तिचे डोके तपासायला नेले आणि आठवड्याने ती परत आली ती पांढरा पोशाख, हातमोजे आणि लोखंडी खरवडणी घेऊन. तिने माझी पाठ खरवडली. त्या खरवडीतही तो रोग निघाला.

 माझ्या अंगाला काही झाले नव्हते. मी होतो तसाच धडधाकट होतो. ज्याच्या अंगावरून साथ पसरते तो स्वतः धडधाकट राहतो, यासारखी शरमेची गोष्ट नाही.

स्यूवरने पहिला प्रश्न विचारला. "पण दुसरीकडे, त्या मूस जातीच्या थोराड हरणांमध्येही निघाला होता ना? तिथे कुठे एवढा गोंधळ झाला?"

"तो वेगळ्या वाणाचा, काका. म्हाताऱ्या जनावराला होतो, फारसा पसरत नाही. रोगातही जाती असतात. आपल्याकडचा पसरणारा आहे."

"मग आता?"

"सगळा कळप मारायचा," गुरो म्हणाली. तिचा आवाज सरळ होता. "चारशे अकरा. एकही ठेवायचं नाही. रस्त्यापलीकडच्या दक्षिणेच्या कळपात दोन हजार आहेत आणि ते अजून निरोगी आहेत. इथलं एक जरी पलीकडे गेलं तरी तेही जातील."

एम्ब्रिकने मान वर केली. "तू म्हणाली होतीस, वेगळी असतात ती तगतात."

"आहेत ना. शंभरात पाच-सहा अशी आहेत की त्यांच्यातलं ते प्रथिन सहजासहजी वाकत नाही. तिरकी त्यातलीच."

"मग ती तरी ठेवा!"

"धावत्या कळपात ती कशी निवडायची, बाबा? आणि वाकत नाही म्हणजे उशिरा वाकतं. तेवढे दिवस ती रोग घेऊन फिरणार. मी सभेत हेच मागितलं होतं. तासभर भांडले. नाही जमलं." तिने हातातली पाकिटे पिशवीत टाकली. "वीस वर्षं मी ते वेगळेपण मोजत होते. आता ते नुसतं यादीवरच राहणार."

हिवाळाभर डोंगरात बंदुका वाजल्या. ते वर्णन मी करणार नाही. स्यूवर आयुष्यभर आवडीने शिकार करणारा माणूस. पण त्या हिवाळ्यात तो माझ्याजवळ बसला की डबा उघडायचा, कडक भाकरी आणि तपकिरी चीज बघायचा आणि तसाच बंद करायचा. फेब्रुवारी उजाडला तेव्हा सातच हरणे उरली होती. तिरकी त्यात होती. तीन आठवडे झाले, ती सात कुणाला सापडेनात. धुक्यात दिसायची, बंदूक उचलेपर्यंत नाहीशी व्हायची. त्यांच्या पावलांच्या खुणा रोज थोड्या थोड्या दक्षिणेकडे, हमरस्त्याकडे सरकत होत्या.

अशाच एका दुपारी स्यूवर, गुरो आणि एम्ब्रिक तिघे माझ्याजवळ टेकले. उणे दहाची थंडी. स्यूवरने हातमोजा काढून माझ्या खोलग्यात ठेवला आणि चटकन उचलला.

"च्यायला, ओला झाला! एवढ्या थंडीत इथे पाणी कसं?" त्याने आपल्या कुत्र्याकडे पाहिले. "तू मुतलास होय रे इथे? दुसरी जागा नाही मिळाली?"

कुत्र्याने शेपटी हलवली. गुरो नकाशात डोके घालून बसली होती. तिने हसल्यासारखे केले आणि परत नकाशा बघू लागली. तिने वर पाहिलेच नाही.

मीठ पडले की खोलग्यात गोठलेल्या बर्फाचेही पाणी होते, मित्रांनो, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळते. आठ दिवसांपूर्वी एम्ब्रिक मूठ टाकून गेला होता. त्या सातांना. तो आता गप्प बसला असता तर सगळे कुत्र्यावर गेले असते. त्याची अब्रू राहिली असती, मुलीचा सभेतला शब्द राहिला असता आणि तिरकीही कदाचित आणखी काही दिवस राहिली असती. मी त्याच्याकडे बघत होतो. मला वाटत होते, नको बोलू. आणि वाटत होते, बोल रे बाबा, बोल एकदाचा.

"कुत्रा नाही," एम्ब्रिक म्हणाला. "मी."

स्यूवर हसला. "तू मुतलास?"

"मीठ टाकलं." तो माझ्याकडेच बघून बोलत होता. "मूठ बंद केलीच नाही मी. तीन वर्षं. ती सात इकडेच येतील. परवा, नाही तर तेरवा. वारा उत्तरेचा झाला की येतात. मी हाक दिली तर उद्याच येतील."

 गुरोने नकाशाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"तीन वर्षं मी सभेत उभी राहून तुमची हमी देत होते, बाबा," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मी लोकांना शिकवत होते. आमच्या घरापासून सुरुवात झाली म्हणत होते!"

"माहीत आहे, पोरी."

"का?"

एम्ब्रिकने समोरच्या उताराकडे बोट केले. म्हणाला, "ती उभी राहून बघायची गं." एवढेच. साठी उलटलेला तो माणूस लहान मुलासारखा मान खाली घालून बसला होता. गुरो उठली आणि त्याच्याकडे न बघता उतारावरून खाली गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकाश स्वच्छ होते. स्यूवर आणि आणखी चार शिकारी माझ्यामागच्या खडकांत लपून बसले. एम्ब्रिकने एकच अट घातली होती. "हाक मीच देणार. आणि मी टोपी काढीपर्यंत कुणी गोळी झाडायची नाही." त्याने डाव्या खिशातून मीठ काढले आणि माझ्या खोलग्यात ठेवले. नेहमीसारखे टाकले नाही, ठेवले. मग त्याने हाक घातली.

"या गं, या... या, या!"

हाक कड्यावर जाऊन परत आली. बराच वेळ काही नाही. मग उतारावर एक शिंग दिसले, खाली वळलेले. तिरकी आली. मागे सहा. तीन आठवडे ज्यांनी पाच बंदुकांना चकवले, ती त्या एका आवाजावर सरळ चालत आली. तिने माझा वास घेतला. वर मान करून वारा हुंगला. वारा उत्तरेचा होता, माणसांचा वास तिच्यापर्यंत गेला नाही. मग तिने चाटायला सुरुवात केली. बाकीची सभोवार जमली.

मला ओरडावेसे वाटले. पळा, म्हणावेसे वाटले. आणि पळू नका, असेही. रस्त्यापलीकडचे दोन हजार मला माहीत होते. पण दगडाचे ओरडणे कोण ऐकणार?

एम्ब्रिक दहा पावलांवर उभा होता. त्याचा हात टोपीवर गेला आणि तिथेच राहिला. इतका वेळ राहिला की सातांनी माझी अर्धी पाठ चाटून साफ केली. मग त्याने टोपी काढली.

तिरकी माझ्याशेजारीच पडली. तिच्या जिभेवर माझे मीठ तसेच होते.

स्यूवर खडकाआडून बाहेर आला. त्याने बंदूक बर्फात टेकवली आणि एम्ब्रिकच्या खांद्यावर हात ठेवला. 

"खाल्ल्या मिठाला जागली रे ती," एम्ब्रिक म्हणाला. "मी बोलावलं आणि आली. मीच जागलो नाही."

पंधरा दिवसांनी गुरो तपासणीचे कागद घेऊन वर आली. तोवर बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते, हे मला स्यूवरकडून कळले होते. तिने गावसभेत उभे राहून सगळे सांगितले होते. ते मीठ आमच्याच घरचे होते, असे स्पष्ट म्हणाली होती. त्यानंतर दुकानात एम्ब्रिक शिरला की बोलणारे गप्प व्हायचे. ती माझ्यापासून दूर उभी राहिली. एम्ब्रिक तिच्या मागे उभा होता.

"सातांपैकी दोघांत निघाला," ती म्हणाली. "नुकताच लागलेला. महिनाभरात ती रस्ता ओलांडून गेली असती. तुम्ही बोललात म्हणून ते थांबलं, हे मी अहवालात लिहिलंय."

"आणि तिरकी?"

गुरोने कागद घडी करून खिशात घातला. "तिरकीत काही नव्हतं."

एम्ब्रिकने मान हलवली. "हे सगळं माझ्या मुठीनं झालं का गं?"

"रोग कुठून आला ते कुणालाच सांगता येणार नाही, बाबा. पण पसरायला ही ताटली होती."

तिने खोटे सांत्वन केले नाही. बापानेही मागितले नाही. खाली उतरताना मात्र एका घसरड्या जागी तिने मागे हात केला आणि त्याने तो धरला.

मग माझ्याभोवतीची माती खरवडून नेली आणि उंच तारेचे कुंपण घातले. मी फार मोठा, म्हणून मला हलवता आले नाही. डोंगर रिकामा झाला. पहिल्या उन्हाळ्यात हरणांनी न खाल्लेले शेवाळ माझ्याभोवती गुडघाभर उंच वाढल्यासारखे वाटायचे. ते तसे नव्हते. मलाच शांतता सहन होत नव्हती. अजून काही वर्षे इथे कुणाला आणायचे नाही. मग आणतील, आणि गुरोचा हट्ट आहे की एका डोंगरातली सगळी आणायची नाहीत. तीन-चार निरनिराळ्या कळपांतली आणायची, आधी रक्त तपासून, तिरकीसारखी शोधून. सभेत ती परत तासभर भांडली म्हणे. या वेळी तिचे ऐकले.

एम्ब्रिक दर हेमंतात येतो. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून गुरो सोबत असते. तो कुंपणाबाहेर बसतो. कॉफी पितो. हात सवयीने डाव्या खिशाकडे जातो, रिकामाच बाहेर येतो.

गेल्या हेमंतातली गोष्ट सांगतो आणि थांबतो. दोघे कुंपणाबाहेर बसले होते. उताराखालून एक तरणी मादी वर आली. दक्षिणेच्या कळपातली, वाट चुकून रस्ता ओलांडून आलेली. पाच वर्षांत या धारेवर हरीण दिसले नव्हते. एम्ब्रिकच्या हातातले झाकण खाली पडले. मादी सरळ कुंपणापाशी आली. माझ्या अंगात मुरलेले मीठ तिला वाऱ्यावर लागले असणार. तिने तारेतून नाक आत घातले, मग जीभ लांब केली. जीभ माझ्यापासून वीतभर दूर राहिली. मला ती जीभ हवी होती, मित्रांनो. आणि ती पोचली नाही म्हणून माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला हायसे वाटले.

"बाबा," गुरो हळूच म्हणाली.

एम्ब्रिक काठी टेकत उठला. जन्मभर त्या माणसाने या धारेवरून एकच हाक घातली होती. आता तो ओरडला, "हट्! जा! जा गं, जा!" मादी दचकून दहा पावले गेली, वळली आणि उभी राहून बघू लागली. वाट बघत. अगदी तशीच.  मग त्याने वाकून एक खडा उचलला आणि तिच्या दिशेने फेकला. ती दक्षिणेकडे पळाली आणि दिसेनाशी झाली.

म्हातारा खाली बसला आणि रडला. गुरोने तारेत अडकलेले दोन केस चिमट्याने उचलून पाकिटात घातले आणि त्याच्याशेजारी बसून राहिली.

मित्रांनो, रानातल्या जिवावर माया करावी, पण त्याला काही देण्याआधी हात आखडता घ्यायला शिकावे. मला हे फार उशिरा कळले आणि त्याची किंमत तिरकीने मोजली. ते वाकडे अजून माझ्या पाठीत असेल. किती वर्षे राहील, गुरोलाही ठाऊक नाही. तुम्ही कधी या धारेवर आलात तर मला तारेच्या बाहेरूनच बघा. आणि तुमच्यामागून एखादे हरीण आले, उभे राहून तुमच्याकडे बघू लागले, तर त्याला हाकला. डोळ्यांत पाणी आले तरी हाकला.